सत्काराची खुर्ची

आमच्या नाटकात सामानसुमान असं नव्हतंच. पाच नट, काळे कपडे, पांढरे फासलेले चेहरे आणि एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची. ती खुर्ची म्हणजे बाप. मुलगी, म्हणजे मी, तिच्यापुढे उभी राहून विचारते, "बाबा, मी जाऊ?" आणि मागचे चौघे पाय आपटून एका सुरात ओरडतात, "नाही!" घर दाखवायचं नाही, खरंखुरं रडायचं नाही, हे नाटक आहे हे लपवायचंही नाही. मुंबईत नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हेच शिकलो होतो, आणि तिथे टाळ्याही पडल्या होत्या.

पण वरंधजवळच्या आमच्या वाडीत हे नाटक करायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मे महिन्यात देवळापुढे सत्यनारायण असतो, मुंबईकर आलेले असतात, कार्यक्रम हवाच. मंडळाच्या हर्षदने तो माझ्या गळ्यात घातला आणि मी हो म्हटलं, ते फक्त बाबांसाठी. बाबा महाडच्या एमआयडीसीत कामगारांची बस चालवतात. दुसऱ्या वर्षाला जाऊ का, असं मी परीक्षा संपल्यापासून विचारत होते आणि ते दर वेळी म्हणत, "बघू." आमच्या घरात "बघू"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. सोनाबाई आत्याने तर तुडीलचं एक स्थळही हेरून ठेवलं होतं. म्हटलं, एकदा नाटक बघू दे त्यांना, मग काय तो सोक्षमोक्ष लागेल.

वर्गातले चौघेही मुंबईहून आले. ऊन उतरल्यावर सुरुवात केली. बाबा ड्यूटीवरून यायचे होते. मी दार झाले, मग नदी झाले, चौघं माझ्यावरून पूल होऊन गेले. कोणी हसलंसुद्धा नाही. पुढेच बसलेली आत्या मोठ्याने म्हणाली, "गो, हिला झालंय तरी काय?" माझं डोकं असं तापलं की विचारू नका.

मी खुर्चीकडे वळले, तेवढ्यात हर्षदचा माइक खरखरला. "कलाकार दर्शनाचे वडील किशोरभाऊ आलेले हायत. सत्कारासाठी त्यांनी पुढं यावं!"

आमच्याकडे देवळापुढे सगळे सतरंजीवर बसतात. खुर्ची मांडायची ती सत्कारमूर्तीसाठीच. मघापासून मोकळी दिसणारी खुर्ची बघून हर्षद बेचैन झाला असणार. त्याने बाबांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं, शाल घातली, हातात नारळ दिला आणि मला म्हणाला, "हां, चालू द्या."

चालू काय द्या, कपाळ! बाबा खाकी शर्टात, अंग चोरून, नारळ पोटाशी धरून बसलेले. उठवावं तर भर गावात त्यांचा अपमान. रंगमंचावर जे घडेल ते नाटकात घ्यायचं, असं आमचे सर सांगत. मी विचारलं, "बाबा, मी जाऊ?"

"नाही!" चौघांनी पाय आपटले.

बाबा दचकले. मागे वळून त्यांनी एकेकाला न्याहाळलं. मी पुन्हा विचारलं.

"नाही!"

"ए, थांबा रे! तिनं मला इचारलंय ना? मी हितं बसलोय. तुम्ही कोण मधीच नाय म्हणणारे?"

गाव खो खो हसलं. चौघांतला इम्रान चेहरा न हलवता म्हणाला, "काका, आम्ही तुमच्याच मनातलं बोलतोय."

"माझ्या मनातलं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "गो, मी कदी नाय म्हटलं?"

"पण हो तरी कधी म्हटलं, बाबा?" हे संहितेत नव्हतं. माझा आवाज फाटला.

बाबा नारळावरून हात फिरवत राहिले.

"ह्यातून पुढं काय होणार ते मला कळत नाय, म्हणून बघू म्हणत होतो. आजपण काय कळलं नाय. पण माझ्या नावानं दुसऱ्या कोणी नाय म्हणायचं नाय. जा तू. दुसऱ्या वर्षाला जा. गावासमोर सांगतो."

नाटक तिथेच संपलं. पुढचा सगळा भाग बापाच्या नकारावर उभा होता, आणि बापाने तोच काढून घेतला. चौघं पाय उचलून तसेच उभे. लोक टाळ्या वाजवत होते आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

बाबांनी वाकून हळूच विचारलं, "आता उठू काय गो, का अजून माझं काम हाय?"

"झालं बाबा," मी म्हटलं आणि तिथेच मातीत बसून मनसोक्त रडले.