साहेबांची अर्धी गोळी

अर्जाच्या खिडकीशी उभं राहायची वेळ आपल्या सगळ्यांवर कधी ना कधी येते. आतला माणूस कागदावरून नजर उचलतो, आपल्याकडे नखशिखांत बघतो आणि काहीही केलेलं नसताना आपल्याला उगाच चोरी केल्यासारखं वाटतं. ही गोष्ट मात्र खिडकीच्या आत बसणाऱ्या एका बाईंची आहे.

त्या शहराच्या प्राणी निवारा केंद्रात नोंदणीचं काम करत. सतरा वर्षं त्याच खुर्चीत काढलेली. माघारी सगळे त्यांना फौजदारीणबाई म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं. त्यांचा संशयी स्वभाव काही हवेतून आलेला नव्हता. दर सुट्टीच्या हंगामात लोक कुत्री-मांजरं आणून सोडत आणि म्हणत, "रस्त्यावर सापडलं हो, दया आली म्हणून आणलं." त्या मुक्या जिवाच्या मानेवर पट्ट्याचा वळ ताजा असे. अशी शेकडो माणसं पाहिल्यावर कुणाचाही विश्वास उडेल.

त्यात तळ्याकाठच्या कारखान्याची टाकी फुटली. पिवळट, डोळ्यांना झोंबणारं पाणी सगळ्या वस्तीत शिरलं. एका दुपारीत शेकडो कुटुंबं घराबाहेर पडली. त्यांची सोय शहराच्या बंदिस्त क्रीडागृहात केली होती. खाटेला खाट लागलेली, आणि दारावर पाटी: 'प्राणी आत आणू नयेत.' वस्तीतली माती खरवडून काढेपर्यंत कुणालाही परत जायची परवानगी नव्हती. झालं, केंद्रासमोर रांग लागली. नऊ दिवसांत एकशे चाळीस जनावरं आली. कुणाचे पंजे सोलवटलेले, कुणाचे डोळे चिकटलेले. मागच्या अंगणात दोन मदतनीस दिवसभर हातमोजे घालून एकेकाला साबणाच्या पाण्याने धूत होत्या.

फौजदारीणबाई खिडकीतून अर्ज पुढे सरकवत. त्यावर आठ प्रश्न होते. 'जनावर का सोडत आहात? दुसरा उपाय शोधला का? जनावर आजारी आहे का?' आणि खाली ठळक ओळ: 'आजारी जनावराबाबत अंतिम निर्णय केंद्राचा राहील.' ती ओळ बाईंनीच घातली होती.

"बरं निमित्त मिळालंय लोकांना," टाकी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारचा डबा खाताना त्या केंद्राच्या डॉक्टरांना म्हणाल्या. "टाकी फुटली आणि यांचे हात झटकून झाले."

डॉक्टर साठी ओलांडलेले, शांत गृहस्थ. त्यांनी नुसतं विचारलं, "सगळ्यांचेच?"

"अहो, मी चेहरा बघून सांगते."

त्याच दुपारी एक शिंपीणबाई आल्या. गळ्यात अजून मोजपट्टी लटकत होती, घाईत घराबाहेर पडताना तशीच राहिलेली असावी. सोबत तोंड पांढरं झालेला एक म्हातारा तपकिरी कुत्रा. तो इतक्या रुबाबात आत आला, जणू तपासणीलाच आला होता.

"कुणाचा?" फौजदारीणबाईंनी विचारलं.

"शेजाऱ्यांचा. ते गावाला गेलेत. माझ्याकडे राहिला."

"नाव?"

"साहेब." मग घाईने, "असं ते म्हणायचे, शेजारी."

"आजार?"

शिंपीणबाईंनी खालची ठळक ओळ दोनदा वाचली. "काही नाही. ठणठणीत आहे."

मदतनीस त्याला नेऊ लागली तसा कुत्रा दारातच बसला. शिंपीणबाई चटकन म्हणाल्या, "साहेबांना ओढू नका हो. डाव्या कानामागे जरा खाजवलं की उठतात."

शेजाऱ्याच्या कुत्र्याचं एवढं ठाऊक? फौजदारीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'मालकीबाबत खोटं बोलतात.'

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई पुन्हा आल्या. काही मागितलं नाही, बोलल्या नाहीत. मागच्या जाळीपाशी घटकाभर थांबून गेल्या. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी बाईंनी खिडकीआडून डोळ्यांत तेल घालून पाहिलं. शिंपीणबाईंनी इकडे तिकडे बघून पदराआडून काहीतरी काढलं आणि जाळीतून आत सरकवलं. साहेबांनी ते गपकन गिळलं.

कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल आता बाईंना शंकाच उरली नाही. नको झालेलं जनावर संपवायलाही माणसं मागेपुढे बघत नाहीत, असं एक प्रकरण त्यांनी पाहिलेलं होतं. त्या तरातरा फाटकाशी गेल्या.

"काय घातलंत त्याला?"

"पावाचा तुकडा."

"शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी रोज एवढी पायपीट? उद्यापासून इथे दिसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या फाटकाबाहेरच थांबल्या आणि पहारेकऱ्याच्या हातात कापडाची एक छोटीशी पुरचुंडी देऊन म्हणाल्या, "साहेबांना रोज यातलं एक द्या, दादा. एवढी कृपा करा." पहारेकऱ्याने ती इमानेइतबारे फौजदारीणबाईंच्या टेबलावर आणून ठेवली. बाईंनी पुरावा म्हणून खणात टाकली आणि खणाला कुलूप घातलं.

पुढच्या दिवशी, सकाळचं खाणं वाटताना, अंगणातून हाक आली. साहेब आडवे पडले होते. पाय ताठ, तोंडाला फेस, अंग थडथड उडत होतं. शेजारच्या पिंजऱ्यांतली कुत्री भिंतीला चिकटून गप्प बसली होती.

"विष," फौजदारीणबाई म्हणाल्या. "मी सांगत होते ना? त्या बाईनेच घातलंय."

डॉक्टरांनी कुत्र्याच्या मानेखाली घडी केलेलं पोतं सरकवलं, सुई दिली आणि घड्याळाकडे बघत झटका ओसरायची वाट पाहिली. मग मान वर न करताच विचारलं, "ती बाई शेवटची जाळीपाशी कधी आली होती?"

"परवा. मीच बंदी घातली."

"म्हणजे ती घालत होती तोवर हा धडधाकट होता. बंद झालं आणि हा पडला. बाई, हे कसलं विष?"

त्या आत गेल्या, खण उघडला आणि पुरचुंडी घेऊन आल्या. उघडली तर जुन्या झग्याच्या कापडाची पट्टी होती. तिला बारीक टाक्यांनी सात खिसे शिवलेले, आणि प्रत्येक खिशात एक अर्धी गोळी. डॉक्टरांनी गोळी हातावर घेऊन निरखली.

"झटक्यांची. ही रोज द्यावी लागते, एकदम तोडली की असं होतं. सुईने आता निभावलं. आणखी एक दिवस गेला असता तर मी काही करू शकलो नसतो."

"मग तिनं सांगितलं का नाही?" बाईंचा आवाज चढला. "मी विचारलं होतं. आजार आहे का, असं स्पष्ट विचारलं होतं."

"विचारलंत, आणि खाली लिहिलंत की निर्णय आमचा. क्रीडागृहात काय बोलतात ठाऊक आहे? आजारी जनावरांना इथे कायमचं झोपवतात म्हणे. तुमच्या अर्जातले आठही प्रश्न म्हणजे आठ आरोप आहेत. ज्याचं घर गेलंय त्याच्यावर तुम्ही संशय घेतलात, मग त्यानेही तुमच्यावर घेतला. तुम्ही दोघी एकमेकींवर पहारा ठेवत बसलात आणि मधल्या मध्ये हा बिचारा मरायला टेकला होता."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. ते डोळे किलकिले करून उठायचा प्रयत्न करत होते आणि पुन्हा पुन्हा घसरत होते. बाई पोत्याशेजारी फरशीवर बसल्या. त्यांनी हात पुढे केला आणि डाव्या कानामागे हलकेच खाजवलं. कुत्र्याने त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकवली. सतरा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं ते मदतनिसांनी पाहिलं. फौजदारीणबाई रडत होत्या.

तासाभरात त्या क्रीडागृहात पोचल्या. शिंपीणबाई दोन खाटांमध्ये चादर बांधून केलेल्या आडोशाशी बसल्या होत्या. आत त्यांची बाळंतीण सून आणि अकरा दिवसांचं बाळ निजलेलं. फौजदारीणबाईंना बघताच शिंपीणबाई उभ्या राहिल्या.

"संपवलंत का त्याला?"

"नाही हो. बरा आहे. त्याला झटका आला होता. चूक माझी आहे, तुमची पुरचुंडी मी खणात ठेवली."

"खोटं बोलताय. त्याला झोपवायच्या कागदावर सही हवी असेल."

फौजदारीणबाईंना वाटलं, आपण आपलाच आवाज ऐकतो आहोत. हीच धार, हाच तिरकस डोळा. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्याबरोबर चला आणि स्वतः बघा."

वाटेत शिंपीणबाईंनी हळूहळू सगळं सांगितलं. साहेब त्यांचाच, बारा वर्षांचा. नवरा गेल्यावर घरात तोच सोबतीला होता. "सून ओली बाळंतीण. तिला सोडून कुत्र्यापाशी राहू, की कुत्र्यासाठी तिला बाहेर काढू? एकाला तरी सोडणं भाग होतं. माझं आहे म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग सोडता कशाला? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं."

केंद्राच्या अंगणात पाऊल पडताच साहेबांनी मान उचलली. पायांत त्राण नव्हतं, तरी ते लटपटत चार पावलं आले आणि शिंपीणबाईंच्या पायांवर अंग टाकून निजले. शिंपीणबाई खाली बसून त्यांना रागावू लागल्या, "काय हे साहेब, दोन दिवस मी नव्हते तर एवढा गोंधळ घालायचा?"

त्या संध्याकाळी फौजदारीणबाईंनी जुने अर्ज बाजूला ठेवले आणि नवा लिहायला घेतला. 'कायमचा त्याग' या जुन्या मथळ्याऐवजी त्यांनी 'तात्पुरता सांभाळ' लिहिलं. पहिला प्रश्न ठेवला: 'याला काय आवडतं?' दुसरा: 'कोणतं औषध चालू आहे? आम्ही ते देऊ.' तिसरा: 'तुम्हाला भेटायला कोणती वेळ सोयीची?' अंतिम निर्णयाची ओळ काढून टाकली. मग ज्यांनी जनावरं सोडली होती त्यांना गाठून त्या एकेकाशी बोलल्या. शहरातल्या माणसांना विनंती केली: कुणी दोन महिने एक मांजर ठेवून घ्याल का? एका सेवानिवृत्त शिक्षिकेने तीन नेली. एका न्हाव्याने दुकानात पोपट ठेवला. साहेबांना त्या स्वतःच घरी घेऊन गेल्या. त्यांच्या आईने आधी नाक मुरडलं, पण आठवड्याभरात त्याच्याशी टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल बोलू लागली.

चार महिन्यांनी वस्ती पुन्हा उघडली. एकशे चाळीसपैकी एकशे एकोणतीस जनावरं आपापल्या माणसांकडे परतली, त्यांत साहेबही होते. अकरांना न्यायला कुणीच आलं नाही. फौजदारीणबाईंनी ती यादी डॉक्टरांपुढे ठेवली.

"हे अकरा जण मी म्हणत होते तसेच निघाले," त्या म्हणाल्या. "पण या अकरांसाठी मी बाकी सगळ्यांना शिक्षा देत बसले होते."

मित्रहो, संकटात माणूस घर सोडतो, सामान सोडतो, कधी काळजाचा तुकडाही दुसऱ्याच्या दारात ठेवून जातो. त्याचा अर्थ त्याची माया आटली असा नसतो. आपण खिडकीच्या आत बसलेलो असू, तर आपलं काम त्याची उलटतपासणी घेणं हे नाही, त्याला खरं बोलता येईल एवढा धीर देणं हे आहे. फसवणारे भेटतील, नाही असं नाही. पण त्यांच्या भीतीने दार लावून घेतलं, तर खरा गरजू बाहेरच राहतो, आणि त्याच्याबरोबर एखादा मुका जीवही.