गाडीची खोड

जुनी गाडी विकायला काढली की आपण सगळ्यात आधी काय करतो? ती धुतो! जाफराबादच्या एका पतसंस्थेत लिपिक असलेल्या अपूर्वनेही तेच केलं. शनिवारी सकाळी पंपावरून गाडी चकाचक धुऊन आणली, सीटवर नवी कव्हरं चढवली. मग वाटलं, इंजिनचे प्लगही बदलून टाकू, व्हिडिओ पाहिलाच आहे. इंजिन अजून तापलेलं होतं. तिसरा प्लग तिरका बसला. बोटाने फिरेना, म्हणून पठ्ठ्याने पान्याला जोर लावला. कर्र आवाज झाला आणि पाना एकदम हलका फिरू लागला. गाडी सुरू केली, तर ती फुसफुसायला लागली.

चौकातल्या गॅरेजवाल्या अप्पारावांनी बॅटरी मारून आत पाहिलं.

"आटे गेले. प्लग ज्या आट्यांत फिरून बसतो, ते तुम्ही खरवडून काढले."

"अप्पा, उद्या गिऱ्हाईक येऊन राह्यलं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाई आहेत. वरून लेप लावून प्लग चिकटवून द्या. त्यांच्या दारापर्यंत गाडी गेली की झालं."

"आन् मंग?"

"मंग त्यांचं त्या बघतील. जुनी वस्तू तपासून घ्यावी घेणाऱ्यानं. सगळेच असं विकतात."

अप्पारावांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"सगळे म्हंजे मी बी आलो त्यात. बारा वर्षांखाली एका व्हॅनला असाच लेप लावून दिल्ता. राजूरच्या रस्त्यावर प्लग उडाला. नवरा, बायको, दोन लेकरं, चार घंटे उन्हात उभी. तो माणूस भांडायला आला न्हाई. दारात उभा राहून एवढंच इचारलं, 'अप्पा, तुला माहीत होतं का?' अजून ते कानातून जात न्हाई, साहेब. बैलबाजारात अंगठा लावणारा माणूस बी बैलाची खोड सांगून इकतो. औताला बसतो, डावीकडून बुजतो, सगळं. आपण शिकलो, आन् खोडीला पॉलिश माराया लागलो!"

"नीट करायचं तर?"

"पाच दिवस लागतेत. सामान जालन्याहून येईल."

"तोवर गिऱ्हाईक जाईल!"

अपूर्व रागारागाने निघाला. दुकानातून लेपाची ट्यूब आणली आणि स्वतःच प्लग चिकटवला. फुसफुस थांबली. जेवताना मात्र तो घास इतका चिवडत बसला, की त्याच्या बायकोने, चिन्मयीने, भाजी खारट झाली का म्हणून दोनदा विचारलं.

रविवारी गिऱ्हाईक, तृप्ती, आली, ती आईला, उषाबाईंना, घेऊनच. उषाबाई दम खात पायरीवर बसल्या. दंडावर पांढरी पट्टी होती.

"आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला जालन्याला न्यावं लागतं," तृप्ती म्हणाली. "परत येताना एसटीत तिला उभंसुद्धा राहवत न्हाई. म्हणून तर मी गाडी शिकले."

तिने गावात एक चक्कर मारली. गाडी तिला पसंत पडली. ती किल्ली हातात घेऊन हसत होती, तेवढ्यात उषाबाईंनी विचारलं, "लेकरा, गाडी चांगली हाये. खोड काय हाये तिची?"

अपूर्वने एकदा बॉनेटकडे पाहिलं. काहीच खोड नाही, एवढं म्हटलं की व्यवहार झाला असता. पण समोर ती पांढरी पट्टी होती. जालन्याच्या रस्त्यावर, भर उन्हात ही माउली बसलेली त्याला दिसली.

"खोड आहे!" तो जवळजवळ ओरडलाच. मग त्याने सगळं सांगितलं. लेपसुद्धा.

तृप्तीचा चेहरा लाल झाला. "म्हंजे तुम्ही आम्हाला तशीच देणार होता?"

"हो. देणार होतो." शरमेने त्याची मान वर होईना. "पण आता नाही देणार. शुक्रवारी या. तुमच्या डोळ्यांदेखत आटे नवे करून देतो. तरीही नको वाटली, तर घेऊ नका."

अपूर्वने त्याच दिवशी अप्पारावांना जालन्याला सामान सांगायला लावलं. शुक्रवारी रजा टाकून तो सकाळपासून गॅरेजमध्ये उभा होता. तृप्ती आणि उषाबाईही आल्या. वाळलेला लेप काढताना अप्पारावांनी त्याला मनसोक्त बोलून घेतलं, त्याने मुकाट ऐकलं. मग अप्पारावांनी आटे पाडायच्या टॅपला ग्रीस माखलं, म्हणजे धातूचा कीस इंजिनात पडायला नको. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, असे सावकाश नवे आटे पाडले, त्यात पोलादी बुशाची छोटी नळी बसवली आणि नवा प्लग अपूर्वच्या हातात दिला.

"पाना न्हाई. बोटांनी फिरवा. बोटानं फिरंना, तिथं जोर लावायचा न्हाई."

प्लग अलगद तळापर्यंत गेला. शेवटी पान्याचा जरासा झटका, बस्स. इंजिन एका सुरात चालू लागलं. तृप्तीने राजूरच्या फाट्यापर्यंत गाडी नेली, परत आणली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

उषाबाईंनी इंजिनकडे पाहिलंही नाही. दार धरून त्या लेकीला एवढंच म्हणाल्या, "खोड सांगितली ना त्यानं?"

"सांगितली, आई."

"मंग चल. निघू जल्दी."

वाचकहो, तुमच्या-आमच्या दारातही विकायला काढलेलं काहीतरी असतंच. गाडी असेल, पाण्याची मोटार असेल, घर असेल. ते जरूर धुवा, पुसा. पण त्याची खोड आपल्याला माहीत असेल, तर ती दुरुस्त करा, नाहीतर समोरच्याने विचारायच्या आधी सांगून टाका. कारण आपण विकलेल्या वस्तूत उद्या कुणाची तरी आई बसणार आहे!