व्हॉल्व्हची नळी

ज्योतीरामनं ब्रेकवर दुसऱ्यांदा पाय दिला, तेव्हा तो दगडावर ठेवल्यासारखा तिथंच अडला. इंजिन बंद पडलं होतं आणि त्याबरोबर ब्रेकचा जोरही गेला होता. भामा नदीच्या पुलाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी आपल्याच वजनानं घरंगळत चालली होती आणि पुढं, नव्या कोऱ्या गाड्या लादलेला एक ट्रेलर रहदारीत थांबत होता. त्याच्या मागचा लाल पट्टा रोहिणीच्या डोळ्यांसमोर मोठा होत गेला. तिनं हात मागं टाकून तेजलचा गुडघा घट्ट धरला.

ज्योतीरामनं हँडब्रेक ओढला आणि जड झालेलं स्टिअरिंग सगळ्या अंगानं डावीकडं वळवलं. गाडी डांबर सोडून मुरुमावर उतरली, फरपटत गेली, थांबली. ट्रेलरचं मागचं चाक त्याच्या काचेला जवळजवळ खेटून होतं. थोड्या वेळानं रहदारी हलली आणि ट्रेलर, काहीच न झाल्यासारखा, पुढं निघून गेला.

"लागलं का कुणाला?"

"बाबा, माझं पाणी सांडलं," मागून तेजल म्हणाली.

रोहिणीनं मान हलवली. तिचा हात अजून मुलीच्या गुडघ्यावरच होता आणि तो तिथून निघत नव्हता.

गाडी का बंद पडली हे ज्योतीरामला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

ही टर्बोची गाडी त्यानं जुनी घेतली होती. चाकणच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. यंत्राला हात लावल्याशिवाय त्याला राहवत नसे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की टर्बोत कोंडलेली हवा सोडून द्यायला एक व्हॉल्व्ह असतो. गाडीबरोबर आलेला मुका होता. त्यानं तो काढून बाजारातला बसवला. तो असा फुस्सकन आवाज करायचा, की चऱ्होलीच्या त्यांच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर रोहिणीचं लाटणं थांबायचं. दर रविवारी पहाटे तो आवाज फाटकातून बाहेर पडायचा. मित्रांच्या गाड्या एमआयडीसीतल्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर जमायच्या. तिथं शर्यती लागतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दिवाळीआधी त्यांच्यातल्या पिंटूची गाडी उभ्या कंटेनरखाली गेली. त्याच्या मांडीत सळई घालावी लागली. त्याला दोघं बघून आले त्या रात्री रोहिणीनं विनवलं, तेव्हा ज्योतीराम "बंद करतो आता," म्हणाला. पुढच्याच रविवारी पहाटे त्याच्या बाजूची चादर रिकामी होती.

मग एकदा तो कारखान्याच्या बसनं कामावर गेला असताना ती खाली गेली. व्हॉल्व्हला इंजिनशी जोडणारी एक बारीक रबरी नळी होती. हिच्यामुळंच त्याला उघडायचं कधी ते कळतं, असं त्यानंच तेजलला हौसेनं दाखवलं होतं. रोहिणीनं शिवणाच्या कात्रीनं त्या नळीला टोकाजवळ, खालच्या बाजूनं चीर पाडली. आवाज गेला की तिकडं जायची हौसही जाईल, एवढंच तिला वाटलं होतं.

आवाज गेला. शिवाय गाडी उभ्या उभ्या थरथरू लागली, कधी सिग्नलला बंद पडू लागली. ज्योतीरामचे रविवार पार्किंगमध्ये जाऊ लागले. त्यानं व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळली, सैल केली, सगळं उघडून पेट्रोलमध्ये धुतलं, फोनवर दहा जणांना विचारलं. नळी वरून धड दिसत होती. तिच्याकडं त्याचं लक्ष गेलं नाही. दहाच्या सुमारास तो काळ्या हातांनी, वैतागलेला, पोहे खायला वर यायचा. वैतागलेला असला तरी घरात असायचा. तिला तेवढं पुरत होतं.

आज राजगुरुनगरला तिच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. एसटीनं जाऊ, असं ती म्हणाली होती. "स्प्रिंग आता बरोबर बसलीय, काही होत नाही," म्हणत त्यानं गाडी काढली. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. ती गाडीत बसली आणि तेजललाही तिनंच बसवलं.

ज्योतीरामनं बॉनेट उघडलं. शेजारून ट्रक गेला की सगळी गाडी हलत होती. तेजलला घेऊन रोहिणी कडेच्या बाभळीखाली उभी राहिली.

"जरा चालू कर बघू," त्यानं हाक मारली.

तेजलला तिथंच उभं करून ती आत बसली. तिनं चावी फिरवली. इंजिन लागलं, हुंदके दिल्यासारखं वरखाली होऊ लागलं.

"रेस दे. सोड आता."

तिनं पाय काढला. इंजिन गचके खाऊन बंद पडलं.

"स्प्रिंगच असणार." तो पाना घेऊन पुन्हा वाकला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा चालू करायला लावलं. या वेळी इंजिन थरथरत का होईना, चालू राहिलं. त्यानं बॉनेट आपटून लावलं आणि फडक्याला हात पुसले.

"चला. हळूहळू जाऊ. पोरगी पाळण्यात घालायच्या आत पोचायला पाहिजे."

तेजल धावत येऊन मागच्या सीटवर चढली. पट्टा लावताना ती काहीतरी गुणगुणत होती. पुढं पूल होता, पुलाच्या पलीकडं पुन्हा उतार. रोहिणीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि ती खाली उतरली.

"थांबा."

"काय?"

"ती नळी बघा. खालून."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. बॉनेट पुन्हा वर केलं, नळीखाली बोट सरकवलं आणि तो थबकला. नळी ओढून काढून त्यानं ती उजेडात धरली. चीर उष्णतेनं लांबत बोटभर झाली होती.

"फाटलेली नाही ही," तो सावकाश म्हणाला. "कापलीय कुणीतरी."

रोहिणी रस्त्याकडं पाहत राहिली.

"मारुतराव." त्याचा आवाज चढला. "आवाजावरून माझ्याशी भांडला होता तो वॉचमन. आख्खी रात्र पार्किंगमध्ये एकटाच असतो. त्याच्याशिवाय कुणाचं काम नाही हे." त्यानं खिशातून फोन काढला. "चेअरमनला सांगतो. आजच्या आज हाकलून देतो त्याला. माझी पोरगी होती गाडीत!"

गप्प राहिलं तर सगळं निभावणार होतं. नळी बदलली जाईल, गाडी नीट चालेल, मारुतराव दुसरीकडं कुठंतरी काम बघतील. त्यांची बायको दळण घेऊन जाताना रोहिणीशी दोन शब्द बोलून जायची. फोन त्याच्या कानाला लागला होता. पलीकडं रिंग वाजत असलेली तिला ऐकू येत होती.

"मी कापली."

"काय?"

"फोन ठेवा, अहो. मी कापली ती."

रिंग वाजतच होती. त्यानं फोन कानावरून खाली घेतला आणि बंद करायला त्याला वेळ लागला. तो ओरडेल, हात उगारेल, इथंच टाकून निघून जाईल, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. आजवर त्यानं यातलं काही केलं नव्हतं. आत्ताही केलं नाही. तो नुसता बघत राहिला, आणि तेच तिला सोसवेना.

"मला वाटलं, आवाज तेवढा बंद होईल. ब्रेकचं मला माहीत नव्हतं. देवाशपथ."

"आवाज नको होता, तर सांगायचंस."

"आवाजाचं नव्हतं ते." "पिंटूला बघून आलो तेव्हा सांगितलं. तुम्ही हो म्हणालात."

त्यानं डिकीतून कटर आणला, चिरलेलं टोक छाटून टाकलं आणि उरलेली नळी ताणून व्हॉल्व्हवर बसवली. तिच्यावर छोटी पट्टी आवळली. एवढंच काम होतं. इंजिन लागलं ते अगदी संथ, एका लयीत. त्यानं रेस देऊन सोडली आणि कित्येक रविवारांनंतर तो आवाज आला, स्वच्छ, मोठा. आत तेजलनं टाळ्या वाजवल्या.

त्यानं इंजिन बंद केलं.

"आणखी कुठं हात लावलास?"

"कुठंच नाही."

"खरं सांग."

"नाही हो. कुठंच नाही."

त्यानं ऐकलं, आणि तरी तो खाली वाकला. ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं, लागलंय ना म्हणून पुन्हा पिळून पाहिलं. नव्या पँटीचे गुडघे मुरुमात टेकवून तो चारही चाकांपाशी बसला, आत हात घालून ब्रेकचे पाइप चाचपत राहिला. पाना घेऊन एकेक नट आवळून पाहिला. कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मुलीला घेऊन उतारावर गाडी सुटली, तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा झाला नव्हता. रोहिणी हातात पर्स धरून उभी होती.

शेवटी तो गाडीत बसला. निघण्याआधी त्यानं ब्रेक दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला.

पूल गेला. पुढच्या उतारालाही काटा चाळीसच्या वर चढला नाही. डाव्या कडेनं, पाय ब्रेकपाशी ठेवून, तो गाडी चालवत होता. मागून हॉर्न देत ट्रक, टेम्पो, कारखान्याच्या बस निघून जात होत्या. त्यानं असं चालवावं म्हणून तिनं किती महिने देवाला हात जोडले होते.

"बाबा, इतकं हळू का?"

"असंच, बाळा."

ऊन तिच्या तोंडावर येत होतं. समोरच्या काचेवरची उन्हाची झडप खाली करायला रोहिणीनं हात उचलला, तशी त्याची नजर रस्त्यावरून सुटली आणि तिच्या बोटांवर आली. क्षणभरच. मग ती पुन्हा समोर गेली.

रोहिणीनं झडप तशीच राहू दिली. तिनं हात खाली घेतले आणि दोन्ही, त्याला दिसतील असे, मांडीवर ठेवले.