पहिल्या नंबरचा मान

मच्छिंद्र सरांनी कपाटातली मखमली फाईल काढली, आतला सोनेरी किनारीचा दाखला वृषालीला लांबूनच दाखवला आणि फाईल पुन्हा आत ठेवून किल्ली खिशात टाकली. रविवारी संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे साहेब, कॉलेजात यायचे होते. प्राचार्यपदावरून सरांची निवृत्ती तोंडावर आलेली. साहेब खूश होऊन गेले, तर निवृत्तीनंतर संस्थेत सल्लागाराची खुर्ची पक्की. आणि साहेबांपुढं मिरवण्याजोगं पारनेरच्या त्या कॉलेजात यंदा एकच काही पिकलं होतं: बारावी कॉमर्सला पहिली आलेली वृषाली.

“सर, बंगळूरचा अर्ज उद्या, गुरुवारी संध्याकाळीच बंद होतोय,” वृषाली म्हणाली. “मॅनेजमेंटच्या कोर्सला जागा मोजक्याच आहेत. वर्गात कितवा नंबर, त्याचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज पुढंच जात नाही.”

“अगं, पण पहिल्या नंबराच्या दाखल्यावर साहेब सही करतात. स्टेजवर, सगळ्यांसमोर. आपली पद्धतच आहे तशी.”

“मग साध्या कागदावर लिहून द्या. तुमची एकट्याची सही चालते. सृष्टीला सोमवारी दिलाच की तुम्ही.”

“सृष्टी दुसरी आली.” सरांनी लहान मुलाला समजवावं तसा सूर लावला. “दुसरीचा कुठं सत्कार असतो? तिला कधीही देता येतो. पहिला नंबर असा आधीच वाटून टाकला, तर साहेबांनी येऊन काय करायचं? नुसता चहा प्यायचा?”

“म्हणजे मला चार मार्क कमी पडले असते, तर अर्ज भरता आला असता.”

“लई हुशार आहे बरं का तुमची लेक, बजरंगराव!” सर मनापासून हसले.

वृषालीचे वडील खुर्चीच्या कडेवर टेकले होते. दुधाचा टेम्पो चालवणारा माणूस. डेअरीवर दुधाला फॅट कमी लावून पैसे कापले, तर आख्खी आळी गोळा होईल असा भांडायचा. इथं मात्र टोपी गुडघ्यावर ठेवून गप्प.

“आप्पा, बोला ना.”

“त्यांचाही सत्कार ठेवलाय,” सर मध्येच म्हणाले. “फेटा, शाल. साहेबांच्या शेजारची खुर्ची.”

बजरंगनं टोपी उगाच झटकली.

“वृषे, आपल्या घरात कुनाला सायबाच्या हातनं काय मिळालंय?” तो हळूच म्हणाला. “सायबाला सांगू. त्यांनी मनावर घेतलं, तर मागनं बी घेत्याल तुझा अर्ज.”

वृषालीनं दप्तराची चेन ओढली. ती मध्येच अडकली, तरी ओढत राहिली.

रविवारी तिचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. पहिल्या रांगेत ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. सर माईकवरून “लाजतीये, लाजतीये” म्हणाले, लोक हसले आणि शेवटी बजरंगच फेटा सावरत पुढं झाला. साहेबांनी सही केली, फाईल त्याच्या हाती दिली आणि कॅमेऱ्याकडं बघतच विचारलं,

“पुढं काय करणार मुलगी?”

“बंगळूरला मॅनेजमेंट करायचं व्हतं, सायेब. पर तुमची सही न्हवती, म्हनून अर्ज ऱ्हायला. तुमी एक फोन केला तर—”

“माझी सही?” साहेबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. “अहो, द्यायचा की मग आधीच. मला काय करायचंय सहीचं?” तेवढ्यात फोटो निघाला. “बरं, आता पुढच्या वर्षी भरा.”

सर शेजारीच होते. टाळ्या वाजवत होते.

सरांना खुर्ची मिळाली. सृष्टी बंगळूरला गेली; तिचा काही दोष नव्हता, जाताना भेटूनही गेली. साहेबांच्या वाट्याला एक फोटो आला; तसले त्यांच्याकडं पुष्कळ. वर्ष गेलं ते वृषालीचं. आणि बजरंग हल्ली दुधाची फेरी संपवून घरी आला, की “पोरगी जेवली का?” असं तिच्या आईला विचारतो. पोरगी तिथंच, समोर बसलेली असते.