क्षमाला ताप आलेला नाही

"सर, मी मारलेला बॉल माझ्याच नकली पायाला लागून उलटा आला, तर दंड बसतो काय?"

गोल्फ स्पर्धेचे नियम ऐकायला जमलेला सगळा मांडव खो खो हसला. मागच्या रांगेत रूपाली आणि अंबूनं ओढणीत तोंडं लपवली. पैज त्यांचीच होती. "एवढ्या लोकांत विचारून दाखव, पाणीपुरी आमच्याकडनं!" क्षमानं नुसतं विचारलं नाही, उभी राहून, पँट गुडघ्यापर्यंत ओढून, कुठला पाय तेही दाखवलं. गेल्या वर्षीपर्यंत हीच पोरगी शाळेच्या फोटोत मुद्दाम मागं उभी राहायची, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

बेळगावाबाहेरच्या त्या माळावर गोल्फचं मैदान झालं आणि क्षमाचं सगळंच बदललं. वाळूच्या खड्ड्यात उतरायला उतार, पायऱ्या कुठंच नाहीत, आणि पाय नसलेल्या माणसाला उभं धरून फटका मारू देणारी गाडी. उद्यापासून तिथं अपंग खेळाडूंची मोठी स्पर्धा होती. शनिवारी आणि रविवारी. सगळ्यांत लहान खेळाडू क्षमा.

पंच एक निवृत्त कर्नल होते, त्यांचा डावा हात कोपरापर्यंतच. तेही हसत होते. "चुकून लागला तर दंड नाही. थांबेल तिथून पुढं खेळायचं. नाव काय बेटा?"

"क्षमा गोमटेश चौगुले, खासबाग!"

कर्नलांचं हसू थांबलं. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "तुला टायफॉइड झालाय ना? मंगळवारी वडिलांचा फोन आला होता. आम्ही तुझं नाव काढलं."

"मला? ताप?" क्षमानं स्वतःच्याच कपाळाला हात लावून बघितला. "दुसरी कोण तरी असंल सर."

दुसरी कोणी नव्हती. कर्नल म्हणाले, "जागा अजून आहे. घरच्या मोठ्या माणसानं संध्याकाळपर्यंत फोन केला तर."

रिक्षात मैत्रिणी बडबडत होत्या, क्षमाला काही ऐकू येत नव्हतं. मंगळवारी आप्पांचा फोन. आणि बुधवारी आप्पांनी तिच्यासाठी पांढरी टोपी आणली होती. स्वतःच्या हातानं डोक्यावर घालून, "लई भारी दिसतीस," म्हणाले होते. दर रविवारी स्कूटरवरनं नेणारे आप्पा. कुंपणापाशी उभं राहून ओरडणारे आप्पा. अख्ख्या जगात आपल्या पायाची लाज न वाटणारा एकच माणूस, असं तिला वाटायचं, ते आप्पा.

जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून घरात पानं वाढलेली होती. क्षमा चपला न काढताच आत आली.

"आप्पा, मला कधी ताप आलता?"

आप्पांचा घास हातातच राहिला. आईनं गॅस बंद केला.

"बस आधी, जेव," आप्पा म्हणाले. "रविवारी तुझ्या सौम्याआक्काला बघायला चिकोडीची माणसं येणार हाईत. लई चांगलं स्थळ हाय गं. तुझा फोटो पेपरात येणार, पाय दिसणार. अपघात असता तर गोष्ट येगळी. जन्मापासनं म्हटल्यावर माणसं घराण्यातच दोष काढत्यात."

"मग मला कधी सांगणार होता?"

"उद्या," आई हळूच म्हणाली. "स्कूटर चालू होईना म्हणून सांगणार होतो."

"आणि टोपी?"

आप्पा ताटाकडं बघत म्हणाले, "तुला संशय येऊ नये म्हणून."

क्षमाला वाटलं होतं, आप्पांच्या तोंडून काही तरी वेगळं येईल. "पाव्हण्यांना काय सांगितलंय माझ्याबद्दल?"

"धाकटी कोल्हापूरला शिकती, हॉस्टेलवर असती," आई म्हणाली.

म्हणजे रविवारी मॅच संपल्यावर परस्पर निपाणीच्या आत्याकडं जायचं ठरवलं होतं, ते त्यासाठी! आणि ही वेडी, चषक मिळाला तर आत्याला पहिल्यांदा दाखवायचा म्हणून पिशवीत जागा ठेवून बसली होती.

आतल्या खोलीतनं सौम्या बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मला तर सांगितलं, मॅच पुढं गेली."

ती क्षमाकडं वळली.

"सरांचा नंबर दे गं," सौम्यानं हात पुढं केला.

"सौम्या, खुळी हाईस काय? स्थळ जाईल!"

"जाऊ दे की आप्पा. बहीण लपवून मी तिथं किती दिवस नांदायचं?"

आणि तिनं फोन लावला. मी क्षमाची मोठी बहीण, ताप नाही, कधीच नव्हता, नाव परत घ्या. एवढंच बोलली. पलीकडनं होकार आला. सौम्यानं मान हलवली तेव्हा एरवी क्षमानं उडी मारली असती, एका पायावर गिरकी घेतली असती. आज ती नुसती उभी राहिली.

आप्पांनी ताटातच हात धुतला. मग म्हणाले, "बरं. सकाळी मी सोडतो तुला."

क्षमानं आईकडं बघितलं, मग आप्पांकडं.

"उद्या मी खेळणार. रविवारीबी खेळणार, आत्याकडं जाणार न्हाय. आक्का येणार माझ्यासंगट, आम्ही बसनं जाणार. तुम्ही दोघांनी यायचं न्हाय, आप्पा. कुंपणापाशीबी न्हाय."