चाळ, चाल

पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, बोटाएवढा, मॉनिटर डेस्कच्या पहिल्या फेडरखाली, आवाज वर-खाली करायच्या सरकत्या खटक्याखाली, आणि त्यावर काळ्या मार्करनं लिहायचं होतं फक्त MIDHA, गाणारीचं स्टेजवरचं नाव, पण तिसऱ्या अक्षरापाशी गुणवंतचा हात थांबला, कारण या पोरीचं नाव समिधा, आणि ते त्यानंच सुचवलं होतं, थोरल्या बहिणीला, सुनेत्राताईला, लेस्टरला पत्र पाठवून... मिधा म्हणे. आता ती कुणाची मिंधी नाही.

"गुणवंतभाई, यल्ला, आर्टिस्ट आ गई," केबल अंथरणारा हमीद म्हणाला.

ती आली, सगळ्यांसमोर "मामा!" म्हणून गळ्यात पडली आणि तो आखडून उभा राहिला, हातात मार्कर, टोपण उघडं. आखातातल्या जबल अलीच्या गोदामातून सकाळी सहाला ट्रक भरून आणलेलं सामान त्यानं तिच्यासाठीच जोडलं होतं, त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, आणि तिच्या अंगाला विमानतळावरच्या दुकानातला वास होता. "तू बारीक झालास, मामा." बस्स, एवढंच. मग ती दिव्यांत गेली.

तिच्या कानात काय ऐकू जाईल हे आता त्याच्या अंगठ्यावर होतं. मॉनिटर इंजिनियर म्हणजे तेच — लोकांना जे ऐकू येतं ते दुसरा माणूस बघतो, समोर बसून. गुणवंत बाजूला, पडद्याआड, आणि तो देतो ते फक्त गाणारीला ऐकू येतं. सतरा वर्षं हेच. त्याआधी मी गायचो.

मी गायचो — गुहागरकडच्या वाड्यांवर, तुरेवाल्यांचा शाहीर, समोर शक्तीवाले, भोवती जाखडी नाचणाऱ्यांचा गोल. ते गाण्यातून सवाल टाकणार, आपण गाण्यातूनच उत्तर द्यायचं, जागच्या जागी जुळवून, आणि जो गप्प राहिला तो हरला. मी कधी गप्प राहिलो नाही. एका मे महिन्यात ताई लेस्टरहून आली होती, ही समिधा नऊ वर्षांची, माझ्या पायाशी बसून घुंगरांचा पट्टा आवळायची आणि मी वरून ओरडायचो, चाळ बांध, चाळ बांध, भुईला आली जाग... ही माझी ओळ. एका दुपारी, सायकलवर, माझ्या डोक्यात आलेली. कुणा वाडवडिलांची नव्हे.

आणि मग — लेस्टरच्या कुठल्याशा हॉलमध्ये तिनं माईक हातात घेतला, मग रेडिओ, मग पहिला अल्बम, मग लंडनमधला पुरस्कार. ताई एकेक कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची आणि गुणवंत इंटरनॅशनल सिटीतल्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अंगठा पाठवायचा, पिवळा. एका मुलाखतीत तिला विचारलं, तुझ्या गाजलेल्या गाण्यातली ही मराठी ओळ कुठली? ती म्हणाली, आईच्या गावचं लोकगीत. लोकगीत. म्हणजे कुणाचंच नाही. त्या दिवशी ओवी, त्याची लेक, ते गाणं मोठ्यानं लावून नाचत होती. तो म्हणाला, बंद कर. "बाबा, why? She's literally family." म्हणूनच, असं त्याला म्हणता आलं नाही.

रात्रीच्या कार्यक्रमाआधीची तालीम, ढोलाचा ठोका सुरू झाला. त्यानं पहिला फेडर थोडा खाली ओढला.

फार नाही. बाहेर कुणाला कळणार नाही इतकाच. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटेल, ती ओरडेल, घसा ताणेल, चुकेल... आपण हे करतोय? करतोय. अंगठा किती शांत आहे. ती दोन ओळी म्हणाली, थांबली, कानाला हात लावला.

"मामा, मला मी ऐकू येत नाहीये. थोडं अजून देशील?"

त्यात संशय नव्हता. तिला वाटलं, मशिनचं काहीतरी. त्यानं फेडर वर नेला. ती हसली, मान डोलावली आणि पुन्हा सुरू झाली, आणि आता तिचा आवाज त्याच्याही हेडफोनमध्ये भरून आला — चाल बांध, चाल बांध — तेच, लहानपणचंच, ळ कधी आलाच नाही तिला, कळलं नाही ऐवजी कललं नाही म्हणायची आणि सगळं घर हसायचं. आता जग नाचतं त्या चुकीवर.

"ये क्या बोल रही है, भाई?" हमीदनं विचारलं.

"गलत बोल रही है," गुणवंत म्हणाला, जरा जास्तच चटकन. "चाळ है वो. चाळ मतलब घुंगरू. पैर में बांधने का."

"और ये क्या बोलती है?"

"चाल."

"चाल मतलब?"

"चाल मतलब... गाने की धुन."

हमीदनं केबलचा आणखी एक वेढा घातला. "धुन बांध. तो हबीबी, ये तो अच्छा है. गाना है ना? घुंगरू से तो ये अच्छा है."

हमीद केबल घेऊन गेला. चाल बांध. मराठीत चाल बांधतातच की... सतरा वर्षं ही ओळ आपली म्हणून छातीशी धरली, आणि ती आपल्याला पुरती सुचलीच नव्हती? शेवटची गाठ एका पोरीच्या जड जिभेनं मारली, तिलाही न कळता? ती चोर असती तर बरं झालं असतं. चोराचा हेवा वाटत नाही.

गाणं थांबलं. ती माईक तोंडाजवळ तसाच धरून त्याच्याकडे वळली.

"मामा, ऐक ना. मी सगळीकडे सांगते, हे लोकगीत आहे. आई परवा चिडली, म्हणाली, वेडे, ते गुणवंतचं. खरं? मग आज स्टेजवर तुझं नाव घेते मी. तुझं आहे ना?"

सवाल. उत्तर द्यायचं बटण त्याच्या डाव्या हाताशी. दाबलं की थेट तिच्या कानात. हो, माझं. दोन शब्द, एवढ्यासाठीच तर... पण माझं चाळ होतं. चाल तुझी. आणि हे ठरवत असतानाच कुठूनतरी, सायकलवर यायची तशीच, सतरा वर्षांत पहिल्यांदा, दुसरी ओळ येऊन उभी राहिली — चाल बांध, मागं राहू दे काल — आणि ती जुळत होती तिच्या शब्दाशी. त्याच्या नाही.

"मामा?"

त्यानं बटण दाबलं. तिच्या कानात आता त्याचा श्वास जात असणार. माझं ते चाळ, एवढंच सांगायचं, पण ळ म्हणायला जीभ मागे, टाळूकडे वळावी लागते. त्याची जीभ वळत नव्हती, दातांमागे टेकून राहिली होती, तिच्या चालीतल्या ल वर, आणि ती तिथून हलावी असं त्याला वाटतंय की नाही, हे त्याला काही केल्या कळेना.