गोजरबाईंचा शेकडा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे; पण चकलीचा नव्हे, प्रोग्रॅममधला. मला टेम्प्लेट म्हणतात. माझं सगळं अंग चाळीस ओळींचं, आणि माझा मुक्काम अंबरनाथ पश्चिमेला, विष्णुपंतांच्या लॅपटॉपमध्ये.

विष्णुपंत कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि पाकिटं भरणारी छोटी यंत्रं बनवू लागले. मसाला ग्रॅमवर, तेल मिलिलिटरवर, चमचे नगांवर. दर वेळी नवा प्रोग्रॅम कोण लिहिणार? म्हणून त्यांनी मला लिहिलं आणि माझ्यात दोन जागा मोकळ्या ठेवल्या: मोजायचं काय आणि किती. त्या जागा भरल्या की कंपायलर माझी हवी तशी प्रत काढतो. कंपायलर म्हणजे माणसाचं लिहिणं यंत्राच्या भाषेत उतरवणारा. तो सगळं आधीच वाचून घेतो. यंत्र गिऱ्हाइकाकडे चालू होतं तेव्हा तो तिथे नसतो. एवढं ध्यानात ठेवा. अकरा यंत्रांत माझ्या प्रती आहेत. मी मोजल्यात.

मग घरात सून आली, अनुया, तीही प्रोग्रॅम लिहिणारी. तिच्याबरोबर आला मिक्सिन. मिक्सिन म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे तसा मिसळून जाणारा तुकडा. मला जे लागेल ते दारात हातावर ठेवावं लागतं. हा थेट स्वयंपाकघरात शिरून डबे उघडतो. यंत्राचा दिवा, घंटी, मोटर, त्याला सगळं न मागता दिसतं.

"अगं, चार ओळींत झालं?" विष्णुपंत म्हणाले.

चाळीस ओळींच्या माझ्यादेखत म्हणाले. खोटं कशाला बोलू, मी जळालो. विष्णुपंतही जरा जळाले असावेत. त्या दिवशी त्यांनी अर्धा चहा कपात तसाच ठेवला.

बारावं यंत्र खरवई गावच्या गोजरबाईंचं, पापडांचं. ते मिक्सिनला मिळालं. विष्णुपंतांनी ऑर्डरच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एक शेकडा, नग शंभर'. गोजरबाईंना विचारायचं कशाला? शेकडा म्हणजे शंभर, हे का विचारायचं असतं? मिक्सिनच्या पोटात शंभर पक्के झाले.

तिसऱ्याच दिवशी गोजरबाईंचा फोन आला. सासरे आणि सून लॅपटॉप घेऊन धावले.

"सायेब, हे उचला आन् घेऊन जा," गोजरबाई म्हणाल्या. "दुपारी लग्नघरी साठ पाकिटं जायची हायत. माजा शेकडा कधी शंभराचा भरला नाय. वर दोन, तुटफुटीचे. लग्नघर असलं तं पाच. ह्या डब्यापायी माजं नाव जाईल."

मिक्सिनची फजिती! मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"अनुया, सर बाजूला. माझा साचा टाकतो," विष्णुपंत म्हणाले. माझ्या भराभर तीन प्रती निघाल्या: शंभरची, एकशेदोनची, एकशेपाचची. काय सांगू माझा तोरा!

"आन् सात?" गोजरबाईंनी विचारलं.

"सात कोणाला?"

"गावची लेक माहेरी आली तं तिला सात."

"बरं, सातची काढतो. तुम्ही एकदाची सगळी यादीच द्या ना."

"मानूस बगितल्याबिगर यादी कशी देऊ? तोंड बगून हात सैल होतो माजा."

विष्णुपंतांनी एक ते दहा, सगळ्या वरच्या आकड्यांच्या प्रती काढायला घेतल्या. सहाव्या प्रतीला यंत्राची इवलीशी मेमरी भरली. माझं पोट फुगलं होतं, आणि तरी गोजरबाईंच्या मनातला आकडा माझ्यात नव्हताच. तो पुढच्या गिऱ्हाइकाचं तोंड दिसेपर्यंत कुणाकडेच नव्हता. ना मला ठाऊक, ना त्या लाडक्या मिक्सिनला. आम्ही दोघंही आधी ठरवून दिलेल्यावर जगणारे.

"बाबा," अनुया हळूच म्हणाली, "आपण आकडा आत कोंबतोय कशाला? मावशींनाच विचारू दे की यंत्राला."

तारीख घालायला यंत्रावर आकड्यांची बटणं होतीच. तिने एक साधं फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा तुकडा, लिहिलं. त्याला ना साचा, ना मिसळणं. यंत्र थांबतं, 'वर किती?' विचारतं, बटण दाबलं की तेवढे मोजतं. माझी नगांची एकच प्रत तिने ठेवली, दिवा आणि घंटी मिक्सिनकडे दिली. गोजरबाईंनी पाच दाबले. साठ पाकिटं दुपारच्या आत गेली, आणि यंत्र खरवईलाच राहिलं.

निघताना गोजरबाईंनी दोघांना एकेक पाकीट भरून दिलं. अनुयाच्या वेळी दाबलेलं बटण मी आतून वाचलं: सात. विष्णुपंतांच्या वेळी: दोन.

तर मित्रांनो, साचे जरूर करा, पण जे माणूस समोर आल्यावर ठरतं, तिथे विचारायला जागा सोडा. आणि नवा आला म्हणून जुन्याला पुसून टाकू नका. त्याच्या जोगतं काम त्याच्याकडे राहू द्या. हेवा काही जात नाही. आता माझा डोळा त्या साध्या फंक्शनवर आहे. आणि त्या संध्याकाळी विष्णुपंतांनी जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपशेजारी, आधी सुनेचं पाकीट मोजलं, मग स्वतःचं. मग स्वतःचं पुन्हा एकदा मोजलं.

दुसऱ्यांदाही एकशेदोनच भरले.